साचा काढण्याच्या आदल्या दिवशी

मी, इस्तारी वल्द लटारू वाघाडे, वय साठीच्या आतबाहेर, धंदा भट्ट्या बांधण्याचा, राहणार भांदकजवळ, तहसील वरोरा, जिल्हा चांदा, लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे. दमा आहे, पण तो छातीत आहे, डोक्यात नाही. संक्रांतीपासून दारूला शिवलेलो नाही. कोणी धाकदपटशा केलेला नाही. उलट हे लिहितोय हे घरात कोणाला माहीतच नाही.

उद्या सकाळी रंगाच्या कारखान्यातल्या नव्या भट्टीच्या कमानीखालचा टेकूचा लाकडी साचा निघणार आहे. त्या वेळी कमानीखाली मी बसणार आहे. म्हणून हा कागद आजच व्हायला हवा.

कलम पहिले. राहते घर, परसातली चिंच आणि पोस्टात जे काही असेल ते माझी बायको वच्छला हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये. तिने मला आयुष्यभर धुळीने माखलेले पाहिले आणि एकदाही दारात अडवले नाही, हे मी तिला कधी बोललो नाही. इथे लिहितो.

कलम दुसरे. माझा सख्खा भाऊ रामाजी याने आई गेल्यावर तिचे तांब्याचे घंगाळ नेले, ते त्याच्याकडेच राहू द्यावे. मात्र मी गेल्यावर मला त्या घंगाळातल्या पाण्याने आंघोळ घालू नये. त्याने खांदा दिला तर देऊ द्यावा, पण मागच्या बाजूने.

कलम तिसरे. करणी, ओळंबा, विटा घासायचा दगड आणि दोन्ही हातोड्या माझा मुलगा बिरजू याला. यावर जास्त लिहिणे भाग आहे.

ही भट्टी पिवळी माती भाजून लाल करण्याची आहे. माती मैद्यासारखी दळलेली असते. तिच्याखाली आग लावली तर खालची करपते आणि वरची कच्ची राहते. म्हणून आग एका टोकाला पेटवतात. ज्वाळ कमानीला लागून वळते आणि वरून मातीवर उतरते. सगळा भार कमानीवर. माणसे बाजूच्या दारांतून लांब दांड्याच्या खोऱ्यांनी माती हलवत राहतात, आणि भट्टी थंड झाली की आत शिरून साफ करतात. त्यांना भरवसा पाहिजे. म्हणून आमच्यात रीत आहे, की साचा ठोकून काढताना कमान बांधणारा स्वतः तिच्याखाली बसतो. माझा बाप बसला, मीही बसत आलो. ज्या कमानीखाली मिस्त्री बसला नाही, तिच्या भट्टीत कोणी पाय घालत नाही.

या खेपेला दम्यामुळे मी खाली राहिलो आणि कमान बिरजूने बांधली. त्याची पहिलीच. होळीच्या आत भट्टी पेटवायची म्हणून मालक मागे लागले होते. बिरजूने मधल्या ओळीच्या विटा घासून बसवायच्या सोडून फटीत माती भरली. ओली असताना माती घट्ट दिसते. सुकली की आक्रसते आणि वीट सैल पडते. मी ते पाहिले तेव्हा शेवटची वीट बसून कमान मिटली होती. उकल म्हणालो. पहिलीच कमान उकलली तर गावभर हसे होईल, म्हणून तो ऐकेना. मालकांकडे गेलो, तर ते म्हणाले, दिसायला छान आहे. दिसायला मीही लग्नात छान होतो.

सुनेला, कमळाला, सातवा महिना आहे. बिरजूला मी उद्या तिथे बसू देणार नाही. मजुरांना सांगितले आहे की कमान माझी. ती पडली तर दोष माझा समजावा, त्याचे नाव कोणी घेऊ नये. मला भीती वाटते. दुपारपासून पाणीसुद्धा गोड लागत नाही.

इथवर लिहिले आणि बिरजू आला. मजुरांकडून त्याला कळले होते. कागद माझ्या हातातून घेऊन त्याने उभ्याउभ्या वाचला. मग दाराशी बसला.

"बाबा, थे पडनच असं वाटते का तुमाले?"

"मले मालूम नाई," मी म्हणालो. खोटे बोलता आले असते.

"मंग तुमी काऊन बसता? बांधली मी."

"तुले तरी मालूम हाये का?"

तो कोपऱ्यातली मोठी हातोडी उचलून बाहेर पडला. आता कारखान्याकडून विटा उकलल्याचा आवाज येतो आहे. लोक जमले असतील, हसतही असतील. हसू द्या.

तेव्हा कलम तिसऱ्यात दुरुस्ती. अवजारे बिरजूला आजपासूनच, माझ्या मरणाची वाट पाहू नये. कमान तो पुन्हा बांधील, विटा घासून. होळी टळली तर टळली. आणि साचा निघेल त्या दिवशी खाली तोच बसेल, कारण कमान त्याची. मी अडवू नये असे मी स्वतःला लिहून देतो. बाकी कलमे कायम, घंगाळाचेसुद्धा.

कलम चौथे. त्या दिवशी मला बाहेर थांबावे लागेल. आजवर मी नेहमी आत होतो. बाहेर थांबलेल्याचे काय होते ते मला माहीत नाही. हे वच्छलाला विचारायला हवे होते. साचा पडल्याचा आवाज होईपर्यंत भट्टीत कोळसा घालणाऱ्या वारलूने माझा हात धरून ठेवावा आणि मला आत धावू देऊ नये.

लिहून देणार: इस्तारी लटारू वाघाडे (सही)

साक्षीदार:
गुणवंतराव, शाळामास्तर. माझ्यासमोर सही केली. (सही)
वारलू, कोळसा घालणारा. वाचून दाखवले. हात धरण्याचे कबूल. (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम भांदक, जिल्हा चांदा
तारीख १४ फेब्रुवारी १९५७