आपल्या फळ्यावरचा निषेध

आप्पा, परवा शिरूरच्या स्टँडवर ती भेटली. आपल्या समोरच्या टेलरचाचांची लेक. आता केंदूरला शाळेत शिकवते. तुमचं नाव निघालं आणि बाई भर स्टँडवर रडायला लागली. "आप्पांनी दिलेली रंगीत खडूंची पेटी अजून हाय माझ्याकडं," म्हणाली. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, मला पोरंबाळं झाली, तरी पोटात असं काही जळलं म्हणून सांगू! बाप माझा, आणि रडतेय ही.

वरवंडला हायवेलगत आपलं सायकलचं दुकान आणि दुकानाबाहेर गावाचा वार्ताफलक. पहिलं पंक्चर काढायच्या आधी तुम्ही हात धुऊन फळा लिहायचात. वर सुविचार, मग बातम्या, आणि जगात कुठं काही वाईट घडलं की सगळ्यात खाली 'जाहीर निषेध'. लोक चेष्टा करायचे, "आप्पा, अमेरिकेला कळलं का वो?" तुम्ही पाना खाली न ठेवता म्हणायचात, "त्यांला न्हाई कळलं तरी चालंल. आपल्याला कळलं पायजे, आपण कुणाच्या बाजूला हाय ते."

नववीत असताना मी खडू मागितला होता. तुम्ही माझी वही उघडलीत. "ह्ये अक्षर हाय का कोंबडीचे पाय? लोकं वाचायचं सोडून हसत्याल." आणि त्याच आठवड्यात तिला बोलावलंत, अक्षर मोत्यासारखं म्हणून. शाळेआधी ती स्टुलावर उभी, तुम्ही खाली पेपर धरून. तुमच्या कपातला निम्मा चहा बशीत ओतून तिला. तिला शिकवलंत, "निषेध कृत्याचा लिहायचा, माणसाचा न्हाई. माणसाला परत यायला वाट ठिवायची." मला शिकवलंत कधी? मी तिथंच तुमचा डबा घेऊन उभी असायचे. तुम्हाला पेपरातली, लढायांत सापडलेली परदेशातली पोरं दिसायची, घरातली दिसत नव्हती. मला त्या लांबच्या पोरांचासुद्धा राग यायचा, देवाशप्पथ.

इराकवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं निळ्या खडूनं निषेध लिहिला, आणि तुम्ही जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवत होतात, "बघा, आपल्या पोरीनं लिवलंय." आपल्या! दुपारी तुम्ही टायर-ट्यूब आणायला दौंडला गेलात, दुकानावर मला बसवून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी ओढणीनं सगळा फळा पुसून काढला.

फार तर ओरडाल, असं वाटलं होतं. पण तुम्हाला माझा संशयसुद्धा आला नाही. तुमची खात्रीच झाली, की मुसलमानाची पोर लिहिते म्हणून गावातल्याच कुणीतरी पुसला. तुम्ही चाचांच्या मशीनपुढं हात जोडून उभे राहिलात, गावाच्या वतीनं माफी मागितलीत. चाचा मान खाली घालून म्हणाले, "जाऊ द्या आप्पा. पोरगी उद्यापासून यायची न्हाई. उगं कुणाच्या डोळ्यावर कशाला?" ती आत काजं करत बसली होती, वर बघितलंसुद्धा नाही. मी तुमच्या मागंच होते. 'मी पुसला' एवढंच म्हणायचं होतं. पण तुमच्या मागून तशीच दुकानात परत आले.

मग तुम्ही स्वतः खडू घेतलात. 'फलक पुसण्याच्या भ्याड कृत्याचा जाहीर निषेध.' त्यातही कृत्याचाच. आठ दिवस कुणाला हात लावू दिला नाहीत.

परवा तिनं विचारलं, "कुणी पुसला आसंल गं? कवा कळलं का?" मी म्हटलं, "न्हाई बाई." तिची एसटी लागली, ती गेली. खरं तर हे तिला सांगायला हवं, तुम्हाला लिहून काय उपयोग! हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून एक सांगते. ते आठ दिवस शाळेतून येताना मी रोज त्या फळ्यापुढं थांबायचे. शब्द न् शब्द वाचायचे. मला लाज नाही वाटली, आप्पा, बरं वाटायचं. त्या फळ्यावर तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं तेवढंच होतं.