चौदा कुलपांत गेलेला नमुना क्रमांक एक

प्रति,
मा. कुलसचिव,
पदार्थविज्ञान संशोधन संस्था.

विषय: ग्रॅफाइटचा नमुना क्र. १ एका कुलपातून परत काढण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपले दि. १ मार्चचे परिपत्रक (कुलपांची देखभाल).
२) माझे दि. १० मार्च व २ एप्रिलचे अर्ज.
३) आपले दि. २० मेचे ज्ञापन.

महोदय,

दि. ९ मार्च रोजी खोली क्र. १७ मधील माझ्या कपाटात सात बाटल्या होत्या. सहा बाटल्यांत काळी पूड होती. क्र. १ ची बाटली रिकामी होती. ती धुऊन, पुसून, झाकण बाजूला ठेवून उपडी वाळत घातलेली होती.

आपल्या ज्ञापनानुसार हा नमुना "हलगर्जीपणामुळे गहाळ" झाला असून माझा खुलासा प्राप्त झालेला नाही, सबब जूनअखेरीस माझी नेमणूक संपेल. त्याबाबत पुढीलप्रमाणे निवेदन करते.

१. नमुना गहाळ नाही. तो संस्थेच्या चौदा कुलपांत आहे. सर्व कुलपे सुरळीत चालावीत असे परिपत्रक निघाले तेव्हा भांडारात तेल संपले होते. म्हणून भांडारपालांनी (आम्ही त्यांना भांडारकाका म्हणतो) ४ मार्चला माझी पूड वापरली. त्यांनी काहीही लपवले नाही. त्यांचे शब्द असे: "अगं, कुलपाला तेलापेक्षा ग्रॅफाइट बरं. तेलावर धूळ बसते. तुझ्या सातही बाटल्या सारख्याच काळ्या, म्हटलं पोरीला सहा पुरतील. आणि बाटली धुऊन ठेवली, त्याचं कुणी नाव घेत नाही!" तेलाबद्दलचे त्यांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

२. मात्र सहा पुरत नाहीत. सातही नमुने ग्रॅफाइटच्या एकाच खड्याचे. सहा नमुने एक ते चाळीस तास दळलेले, क्र. १ जवळजवळ न दळलेला. दळल्याने रचना किती मोडली हे क्र. १ शी ताडूनच कळते. तो खडा आता संपला आहे. माझ्या आईने घरातल्या सगळ्या पेन्सिली तासून त्यांचे शिसे डबीत भरून दिले. त्यात चिकणमाती असते, हे तिला सांगणे जड गेले.

३. पुडीवर लेझरचा हिरवा किरण टाकला की परत आलेल्या प्रकाशाच्या आलेखात दोन शिखरे दिसतात. १५८० जवळचे शिखर ग्रॅफाइटमध्ये नेहमीच असते. १३५० जवळचे शिखर कार्बनची रचना जिथे मोडली असेल तिथेच उठते. दुसऱ्याची उंची भागिले पहिल्याची, हे मोडतोडीचे माप. याला रामन वर्णपटमापन म्हणतात. यासाठी टाचणीच्या टोकावर मावेल एवढी पूडही पुरते.

४. म्हणून मी चौदाही कुलपांच्या भोकांतून टाचणीने कण काढून मोजले. कुलूप उघडल्या-लावल्याने पूड दळली जाते का, हे तपासण्यासाठी घरच्या कुलपात दुसरे ग्रॅफाइट घालून ते सहाशे वेळा फिरवले. दोनशेच्या सुमारास वडील वर्तमानपत्र घेऊन जिन्यात जाऊन बसले. माप ०.१० वरून ०.३४ वर गेले. जे कुलूप जास्त फिरते, त्यातली पूड जास्त मोडते. तेरा कुलपांतला नमुना यामुळे निरुपयोगी झाला आहे.

५. संदर्भ क्र. २ चे दोन्ही अर्ज, म्हणजेच माझा खुलासा, मी नियमाप्रमाणे प्रवेशद्वाराजवळच्या तक्रारपेटीत टाकले होते, कारण हंगामी कर्मचाऱ्यांचे अर्ज आवक खिडकीवर घेत नाहीत. पेटीवर "दर सोमवारी उघडली जाईल" अशी पाटी आहे. हा तिसरा अर्ज मी समक्ष देत आहे.

तरी सोबतच्या तक्त्यातील शेवटच्या कुलपाची किल्ली अर्ध्या तासासाठी मिळावी. दहा मिलिग्रॅम पूड परत मिळाली तरी अहवाल मुदतीत पूर्ण होईल. ते कुलूप फिरवून पाहता आले नाही, कारण किल्ली साहेबांकडे, म्हणजे आपल्याकडे असते, असे भांडारकाका सांगतात.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
प्रकल्प सहायक, खोली क्र. १७
दि. १२ जून

सोबत: मोजमापांचा तक्ता (सारांश)
क्र. १, बाटलीत असताना, जानेवारी: ०.१२
उपाहारगृहाचे कोठार: ०.९१
हजेरीपटाचे कपाट: ०.७४
भांडार: ०.६८
ग्रंथालय: ०.१९
(इतर नऊ कुलपे मागील पानावर)
तक्रारपेटी: ०.१२