पौषातला घाम

३ जानेवारी
मुक्काम पाळी. पहाटे पुन्हा भिजून उठलो. बनियन पिळता येईल इतकं. बाहेर थंडी, पोदेर कानटोपी घालून पाव देऊन गेला. शेजारी निजणारी नात मनू उशी चाचपून म्हणाली, "आजो, तू न्हालो?" हसलो. चौथीच्या पुस्तकात दवाच्या कविता असत, सगळ्या गवतावरच्या. म्हाताऱ्याच्या पाठीवर दव पडल्याची एकही आठवत नाही.

६ जाने.
सून नीता माझी बनियनं धुताना: "बाबा, इतली थंडी, जनेल उघडें, वारो येता, तरी घाम?" वयाचा असेल म्हटलं. "आणि पँट सैल झाली ती पण वयानं?"
पट्टा आणखी एक भोक आत घेतला. संध्याकाळी अंगात कणकण. खोकला आहे, पण तो खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो तेव्हापासूनचा. लाल धूळ कागदावर बसे. फुंकर मारून लिहायचं, आणि मध्येच एखादी जुनी ओळ गुणगुणायची. बरे दिवस होते ते. धूळ सोडली तर.

९ जाने.
सकाळी देवळात प्रसाद लावला, देवाचा कौल. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, ह्या घामात कसली बाधा असली तर उजवी पाकळी दी. ओल्या पाकळ्या मूर्तीवर बराच वेळ चिकटून होत्या. मी मनात वृत्तं घोळवत बसलो. डावी पडली. बाधा नाही. हलकं वाटलं, येताना भजी खाल्ली.
नीताला सांगितलं. ती म्हणाली, "देवान बाधा ना म्हटलां. दुखणें ना म्हणून खंय सांगलां?"
सोमवारी दवाखाना.

१२ जाने.
डॉ. तरुण मुलगी. "आजोबा, नुसता घाम येतो की कपडे बदलावे लागतात?" बदलावे लागतात. उकाड्यानं, जाड पांघरुणानं, काही गोळ्यांनीसुद्धा घाम येतो म्हणाली, तो वेगळा. पण थंडीत असं भिजणं, वर ताप, उतरलेलं वजन, खोकला... एवढं एकत्र आलं की घरी बसायचं नसतं. "आधी का नाही आलात?" प्रसादाचं सांगितलं. हसली नाही. "तिकडे जा की, पण इकडेही या."
मान, काखा चाचपल्या. गाठ नाही. धुळीत किती वर्षं काढली ते विचारलं. रक्त, थुंकी, छातीचा फोटो. मग लिहिता लिहिता थांबून: "तुमच्या खोलीत आणखी कोण झोपतं?"

१३ जाने.
मनूचं अंथरूण आईकडे गेलं. निजण्याआधी भिंतीपलीकडून कविता म्हणत होती, मी शिकवलेली. तिसरं कडवं गाळलं. इकडून सांगणार होतो, पण बोललो की खोकला

१६ जाने.
फोटोत उजव्या बाजूला वर सावली आहे. केवढा थंडगार शब्द वाटायचा शाळेत. थुंकीचा रिपोर्ट यायचाय. क्षय असला तर औषध आहे, पुरं घेतलं की बरा होतो, डॉ. म्हणाली. नसला तर आणखी तपासण्या. घाम चालूच. खुर्ची अंगणात काढली आहे, दिवसभर तिथेच.
दुपारी मनू शाळेतून आली ती खोकत. नीतानं तिच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं नाही.
"बोरां खाल्लीं गो आई," मनू म्हणाली.
खाल्ली असतील. हंगाम आहे.
उद्या तिलाही नेणार.