डाव्या खांद्याची दुनळी

१२ ऑगस्ट १९९८
आमच्या बंदुकीच्या दुकानात विकायला आलेली पेटी उघडली आणि मी गारच पडले! विलायती दुनळी रायफल. शंभरीला टेकलेली, पण नळ्यांवर गंजाचा ठिपका नाही. म्हटलं, वर्षाराणी, लॉटरी लागली! खांद्याला लावली तर मागचा लाकडी दस्ता गालाच्या हाडावर ठक्! दुकानातला सयाजी मिस्त्री खो खो हसला. "ताई, डावरी हाय की ती!" दस्ता डावीकडं वळलेला, चाप उलटे. डाव्या खांद्यासाठीच घडवलेली.

मालक गणपतराव, राधानगरीकडचे. वय ब्याऐंशी, स्वतः डावरे. नजर गेली, लायसन ३१ डिसेंबरला संपतंय, पुढं मिळणार नाही. तोवर विकली नाही तर पोलिसांत जमा, आणि तिथून एक दिवस मोडीत. अट एकच, काउंटरवर हात आपटून सांगितली — "डावऱ्यालाच विकायची. दस्ता वळवून उजवी करायची न्हाई." मी पण शहाणी, "व्हय" म्हणून बसले!

१९ ऑगस्ट
पुण्याच्या दुकानदाराला फोन. "ताई, उजवी असती तर आत्ता गाडी काढून आलो असतो. डावरी घेऊन काय करू? निम्म्यात द्या, दस्ता आम्ही वळवून घेतो." फोन आपटला.

२ सप्टेंबर
शिरोळकडचे एक बागाईतदार आले. आधी नेहमीचं — "मालक कुठायत?" मीच मालक. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मलाच दुकानात बसवलं; ते जाऊन वर्ष झालं, लायसन माझ्या नावावर, पाटीवर नाव माझं. तरी प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या पाठीमागं डोकावतं! रायफल उजव्या खांद्याला लावून म्हणतात, "बाई, ही वाकडी हाय!" म्हटलं, रायफल सरळ हाय, तुम्ही उजवे हाय. राग आला त्यांना. जाईनात का!

९ सप्टेंबर
गणपतरावांची मुलगी आक्काताई लायसनची झेरॉक्स घेऊन आली. पन्नाशीची बाई, घरी सहा म्हशी, दुधाचं सगळं तीच बघते. एक कागद द्यायला दीड तास एस.टी.त! म्हटलं, बाकीचे? "बाबांनी एवढाच दिला." बसली जरा. गिऱ्हाईकांशी मी हुज्जत घालते ते टक लावून बघत होती.

१६ सप्टेंबर
आक्काताई परत. आज फक्त फोटो. म्हाताऱ्याला वेड लागलंय काय? सगळं एकदम का देत नाही? बाई मात्र चिडत नाही. चहा घेऊन दोन तास बसली.

३० सप्टेंबर
खंडेनवमी. अप्पांशिवायची दुसरी. दुकानातली सगळी हत्यारं पुसून मांडली, हळदकुंकू, झेंडू. गर्दी झाली म्हणून प्रत्येकाला विचारत सुटले, "तुमच्यात डावरं कोण हाय का?" जो तो असा दचकतोय जणू चोरीचा आळ घेतला! "आमच्या घराण्यात तसलं कुणी न्हाई!" एकानं तर छातीवर हात ठेवून शपथ घेतली — डावा हात! मला हसू आवरेना. पण कळलं. जिल्ह्यात डावरे ढीगभर असतील, लहानपणी मार खाऊन खाऊन सगळे उजवे झालेत.

२० ऑक्टोबर
हात टेकले. सयाजी म्हणतो, "ताई, जवसाचं तेल तापवून दस्त्यावर बोळे ठेवतो, लाकूड मऊ झालं की वाकवतो, तीन दिवसांत दस्ता उजवा. म्हाताऱ्याला दिसतंय कुठं?" मी हिशेबाच्या वहीत डोकं घातलं. त्यानं तेल स्टोव्हवर ठेवलंसुद्धा. वास सुटला आणि मनात आलं — अप्पा असते तर? उठून स्टोव्ह बंद केला. सयाजीशी दिवसभर बोलले नाही. त्याची चूक नव्हती, माझीच होती.

५ नोव्हेंबर
गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना विचारलं, डावरा पैलवान कसा ओळखता? म्हणाले, "पोरी, इचारू नगंस. इचारलं की माणूस खोटं बोलतंय. काहीतरी फेक त्याच्याकडं. हात खोटं बोलत न्हाई." वस्ताद, तुमच्या पायाचं तीर्थ घेते!

१४ नोव्हेंबर
टोपलीभर मोसंबी आणली. येईल त्याच्याकडं अचानक फेकायची — "झेला!" नऊ जणांनी उजव्यानं झेललं. एका साहेबांच्या चष्म्यावर बसलं. माफी मागून घसा बसला. सयाजी म्हणतो, गिऱ्हाईक टिकणार न्हाई आता.

२८ नोव्हेंबर
सापडला! निपाणीचा रुद्रेश, तंबाखूचा व्यापारी. गप्पांत होता, मोसंबं डाव्या हातात चपकन बसलं! लाजला. "अक्का, कुणाला सांगू नका हं." रायफल डाव्या खांद्याला लावली तर जागच्या जागी बसली. लायसन पक्कं, किंमत कबूल. दिवाळी आत्ता झाली माझी!

३ डिसेंबर
गणपतराव नको म्हणाले!! आक्काताईकडून निरोप — "माणूस पसंत न्हाई." अहो, बघितलात कुठं माणूस? डावरा मागितला, डावरा आणून दिला! निरोपासोबत आणखी एक कागद. पाचवी खेप त्या बाईची. मी तिच्यावरच ओरडले. तिनं ऐकून घेतलं, वर माझं मोसंबं सोलून मलाच खायला दिलं. लाज वाटली.

२२ डिसेंबर
नऊ दिवस राहिले. रुद्रेशनं पुण्याला दुसरी बघितली म्हणे. रोज सकाळी पेटी उघडते, नळ्या पुसते, झाकते. इतकी देखणी वस्तू मोडीत जाणार, ह्या विचारानं जेवण जात नाही.

२९ डिसेंबर
सकाळी आक्काताई आली, पोलिसांत जमा करायच्या अर्जावर बाबांचा अंगठा घेऊन. माझं डोकं ठणकत होतं. कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडं टाकल्या, म्हटलं, तुम्हीच काढा पेटी.

डाव्या हातानं झेलल्या! लगेच उजव्यात घेतल्या. मी बघतच राहिले. तीही.

"तुम्ही डावऱ्या?"

"होते. आठ वर्षांची असताना बाबांनी हात कमरेला बांधला, वर्षभर. स्वतः डावरे असून! म्हणायचे, मला जन्मभर चिडवलं लोकांनी, तुझं लग्न अडंल."

माझं रक्त असं उसळलं! आणि हाच म्हातारा डावऱ्याला विका म्हणतो? पेटी मीच उघडली. म्हटलं, लावा खांद्याला. "ह्या वयात? लोक काय म्हणतील!" म्हटलं, लोक मला रोज म्हणतात, मालक कुठायत. लावा!

लावली. गाल अलगद दस्त्यावर टेकला. बराच वेळ उतरवली नाही. मग हळूच म्हणाली, "बसली की ओ."

"ठेवून घ्या. तुमचीच आहे, वारस तुम्ही. बाबा हयातीतच तुमच्या नावावर करून देऊ शकतात."

"लायसन मिळंल मला?"

"मला मिळालं न्हवं!"

जमा करायचा अर्ज तिनं स्वतः फाडला.

३० डिसेंबर
कलेक्टर कचेरीत गणपतरावांच्या अंगठ्यासह वारसाचा अर्ज दाखल. साहेबांनी विचारलं, "घरात पुरुष माणूस न्हाई काय?" आम्ही दोघी एकदमच बोललो, "आम्ही हाय की!" साहेबांनी गुपचूप शिक्का मारला. मंजुरीपर्यंत रायफल माझ्याकडंच जमा राहील, म्हणजे मोडीत जात नाही. येताना दोघींनी मिसळ खाल्ली. फार बरं वाटलं, फार!

४ जानेवारी १९९९
गणपतराव आले. एकटेच, एस.टी.नं, डोळ्यांनी दिसत नसताना! मी भांडायच्या तयारीत होते. म्हणाले, "पोरी, मला गिऱ्हाईक नकोच हुतं, दुनळी माझ्या आक्कालाच जावी वाटत हुतं. तिचा हात मी बांधला, चुकलं म्हणून सांगायला चाळीस वर्सं तोंड उघडलं न्हाई. तुझ्या अप्पानं पोरीला दुकानात बसवलं, ते तिनं डोळ्यांनी बघावं, म्हणून एकेक कागद देऊन तिला तुझ्याकडं धाडत हुतो."