दादाने घातलेल्या ओळी

१२ ऑगस्ट

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पट्टी निघेपर्यंत स्क्रीनकडे ढुंकूनही बघू नकोस. हे पत्र वहिनी वाचून दाखवेल, म्हणजे मधेच "कळलं, पुढे बोल" म्हणायची तुझी सोय नाही. ती ऐकणारी नव्हे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या खुर्चीवर सगळे आपापल्या बॅगा ठेवतात. माझा प्रोग्राम एकदाचा सुरू झाला. नवं इंटरनेट कनेक्शन द्यायला तुझा अख्खा दिवस जायचा, ते आता चहा संपेपर्यंत होतं. राउटरमध्ये कुणी हाताने काही बदललं असेल, तर प्रोग्राम ते पुसतो आणि ठरलेल्या नमुन्याप्रमाणे पुन्हा लिहितो. साहेब खूश आहेत.

ठीक असं लिहिलं खरं. पण मंगळवारी त्याच प्रोग्रामने टेकडीवरच्या दवाखान्याच्या राउटरमधली तू घातलेली सेटिंगची एक ओळ पुसली. नमुन्यात नव्हती ना! त्याच राउटरवर चालणारा अॅम्ब्युलन्सचा फोन दुपारभर मुका. मी जुनी सेटिंग परत चढवली, तोवर एका बाईला तिच्या नवऱ्याने हातगाडीवर घालून वर नेलं होतं. ती वाचली.

ती ओळ तिथे का होती, हे फक्त तुला ठाऊक. अशा आणखी कुठे कुठे आहेत, तेही. विचारलं की म्हणायचास, "चालतंय ना? मग हात लावू नको." तुझा हा तोरा मला कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

वहिनी, पुढचं आधी मनात वाच, मग मोठ्याने.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "भावाशी सहज गप्पा मारता मारता सगळं काढून घे. नमुन्यात घातलं की झालं." मी म्हटलं, "मग दादा?" तर म्हणाले, "मग त्यांचं इथे काम काय?" हे तुझ्या कानावर जाता कामा नये, असंही बजावलं.

तू बसवलेल्या सगळ्या राउटरांपुरता प्रोग्राम मी बंद ठेवलाय. सोमवारपासून सगळीकडे चालवायचा हुकूम आहे, पण मी चालवणार नाही. मंगळवारचं खरं कारण दवाखान्याला लेखी कळवलंय, त्यामुळे दुसरंही कुणी तो चालवायला धजणार नाही. माझं काय व्हायचं ते होवो.

तू बरा हो, ऑफिसात ये, आणि नोकरी कायम असल्याचा कागद हातात पडल्यावरच तोंड उघड. त्याआधी मी फोन केला, गोड बोलले, अगदी रडले, तरी मला काही सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी