या गुरुवारी एकटी

खापरखेडा
नोव्हेंबर १९८५

प्रिय पंचफुले,

पत्र फाडायचे असेल तर पूर्ण वाचून फाड. दिवाळीचे पातळसुद्धा तू आधी नेसलीस आणि मगच फाडलेस, तेवढा मान याही कागदाला दे.

या गुरुवारी धंतोलीला डॉक्टरीणबाईंकडे तुला एकटीने जायचे आहे. बाहेरच्या बाकावर मी नसेन. बाबा दारातून ओरडतीलच, काहून जाऊन राहिली वं तिथं, बोलल्यानं का बिमारी जाते? त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. खरे सांगायचे तर मलाही आता फारशी आशा उरलेली नाही. गंडेदोरे झाले, शॉक झाले, गोळ्या झाल्या. एका डॉक्टरने तर नाटकं करते म्हणून तुला हाकलून दिले. तुझ्या मनगटावरची पट्टी बदलता बदलता मी म्हातारी झाले.

या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितले की ह्या दुखण्याला नाव आहे आणि त्याला गोळी नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येऊन बोलायचे, वर्षानुवर्षे. एकदा तू त्यांना कैदाशीण म्हणून तरातरा सडकेवर निघून गेलीस, आठवते? मी तुझ्यामागे धावायला उठले, तर दारातून मला बाई दिसल्या. तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर तशाच बसून होत्या. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण तुझी वेळ संपेपर्यंत त्यांनी कोणाला आत घेतले नाही. मला नाही जमत तसे. सकाळी तू माझ्या अंगावर ताट फेकतेस आणि संध्याकाळी पदर धरून म्हणतेस, ताई, जाऊ नोको वं. पंचे, मला तुझा कंटाळा यायचा. जीवही तुटायचा तुझ्यासाठी, पण कंटाळा यायचा.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. अशुभ असते ते. माय दवाखान्यात निघाली तेव्हा उंबऱ्यात थांबून तुला म्हणाली, येतो वं पंचे. तू तिच्या विणायच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलीस ती उठेचनास. बाबा रोज सांगायचे, येते माय, येते. ती दवाखान्यातच वारली, पण खरे सांगायची कोणाची छाती झाली नाही. तेरवीच्या पंगतीत तू वाढणाऱ्याला विचारलेस, माय कोणत्या पंगतीले बसली? सगळी पंगत खाली मान घालून जेवत राहिली.

हे सगळे मी बाईंना सांगितले होते. त्या म्हणाल्या, हिला कोणी गेले की आपल्यालाच टाकून गेले असे वाटते, म्हणून जाणाऱ्याने तिला खरे सांगून जावे. त्या स्वतः सुट्टीवर जायच्या आधी कितीतरी गुरुवार तुला सांगत राहतात. तू शिव्या देतेस, त्या ऐकून घेतात.

आता माझे ऐक. माझ्या पोटात मायच्या होती तशीच गाठ निघाली आहे. उद्या हे मला मुंबईला नेणार आहेत. इथल्या डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन काय सांगितले ते मला कोणी बोलले नाही, पण यांचा चेहरा मी पाहिला. मी परत येईन असे मला वाटत नाही. बाबा म्हणाले, पंचीले सांगू नोको, येतो म्हण अन् निंघून जाय. म्हणूनच गांधीबागेतल्या घरी तुला भेटायला आले नाही. उंबऱ्यात उभी राहिले असते तर माझ्याही तोंडून तेच निघाले असते. गुरुवारी बाईंसमोर बसून मला हव्या तेवढ्या शिव्या दे. उठून गेलीस तरी त्या खुर्चीत असतील. मी नसेन. मी तुला टाकलेले नाही, पण पंचे, मी जाते.

तुझीच,
भागीरथाताई