पितळी स्क्रू

सर, आज तुमच्या टेबलाखाली पाठीवर पडून मी ती लोखंडी पट्टी पुन्हा पाहिली. दीड इंच रुंद, दोन फूट लांब, आठ स्क्रू, सगळे लोखंडी. आठही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आहेत. मी तसेच पिळतो. शिरूरच्या या शाळेत प्रयोगशाळेचा परिचर म्हणून लागलो तेव्हा मी दहावी नापास होतो. जे शिकलो ते तुमच्या कपाटातली पुस्तकं पुसता पुसता, कुणाच्या शिकवणीनं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चुंबकाच्या टेबलाला लोखंड लागता कामा नये. पितळी स्क्रू, लाकडी पाचर. बाकी शाळेला काय ठोकायचं ते ठोक." पण त्या उन्हाळ्यात टेबल डुगडुगायला लागलं, पितळी स्क्रू सागात धरेनात, म्हणून मी खालून ही पट्टी मारली. मला वाटलं, इंचभर फळीतून काय जाणार आहे?

शाळा उघडल्यावर तपासणी आली. दहावीचा वर्ग भरलेला, तपासणीचे साहेब मागच्या बाकावर. तुम्ही होकायंत्र टेबलावर ठेवता, अजून तारेत प्रवाहही सोडलेला नाही, आणि सुई भिंतीवरच्या तुमच्या उत्तरेच्या खडूच्या रेघेपासून बारा अंश बाजूला उभी. साहेब म्हणतात, "सर, तुमची उत्तर तर नगरकडं निघाली की!" पोरं खिदळतात. तुम्ही माझ्याकडं वळता. "टेबलाला काही केलंयस का रे?" मी म्हणतो, "न्हाई सर. हाय तसंच हाय." तुम्ही चष्मा काढता, धोतरानं पुसता, पुन्हा सुईवर वाकता. होकायंत्र मैदानात नेलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. माझा शब्द आला म्हणून तुम्ही नेलं नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तीन वर्षं तुम्ही सुई फक्त फळ्यावर काढलीत.

एकदा हे सांगायलाच एसटीनं दौंडला तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही खाटेवर होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, "त्या दिवशी डोळ्यांनी दगा दिला बघ. सुई वाचता येईना, म्हणून सोडलं सगळं. तुझं टेबल मात्र चोख होतं." काकूंनी चहा दिला. मी प्यालो आणि साडेतीनची गाडी पकडली. त्याच महिन्यात तुम्ही गेलात.

आता शाळेला चुंबकीय क्षेत्र मोजायचा सेन्सर आलाय. पेनाएवढी दांडी, टोकाला इवलीशी चकती, आकडा थेट लॅपटॉपवर. माहितीपुस्तिका इंग्रजीत; मी दोन दिवसांत उलगडली. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर पृथ्वीचं क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास दाखवतो. आज सकाळी नव्या मॅडमनी दांडी तुमच्या टेबलावर धरली आणि आकडा साठच्या वर गेला. डावीकडं सरकवली, आणखी वाढला. पट्टीच्या लांबीबरहुकूम, सर. फळीतून आरपार.

"मामा, या टेबलातच काही आहे का हो?" मॅडमनी विचारलं. वाक्य जवळपास तुमचंच.

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "यंत्राला शून्याचं बटण हाय. मोजायच्या आधी ते दाबायचं असतं." मीच दाबलं. आधीचं जे काही असेल ते यंत्र वजा करून टाकतं. आकडा शून्यावर आला, दांडी तिथंच ठेवून तारेत प्रवाह सोडला, आणि प्रयोग पुस्तकात लिहिलाय तसा उतरला. "मामा, तुम्ही होतात म्हणून!" मॅडम म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या होकायंत्राला असं बटण नव्हतं.

शाळा सुटल्यावर पेचकस घेऊन टेबलाखाली शिरलो. खिशात आठ पितळी स्क्रू होते, आजच बाजारातून आणलेले. एक लोखंडी स्क्रू अर्धा आटा सैल केला. टेबल किंचित हललं. मी तो परत पिळला, खाच रेषेत आणली आणि बाहेर आलो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून ते तुमच्याच कपाटात ठेवतोय. किल्ली माझ्याकडंच असते. आणि खरं सांगू, सर? टेबल आजही हलत नाही, याचं मला अजून बरं वाटतं.